खाडाखोडीचं मोल

लेजरात मी एकदा ४ चा ७ केला. साहेबांनी मेमो दिला. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत १८१७ साली एका कारागिरानं हेच केलं. अर्ध्या डॉलरच्या जुन्या ठशावरच्या ४ वर ७ ठोकला. त्या नाण्याला आज लाखावर डॉलर मोजतात!

त्या काळी ठशावर आकडे, अक्षरं, तारे हातानंच ठोकत. त्यामुळे एकासारखा दुसरा ठसा नाही. अल ओव्हरटन यांनी १९६७ साली या ठशांची यादी पुस्तकात छापली. शौकीन मंडळी भिंग लावून ताऱ्यांची, आकड्यांची जागा पाहतात आणि ठसा ओळखतात.

पण चूक झाली की भाव आला, असं नाही. १८०७ साली ‘५० सेंट’ऐवजी आधी ‘२०’ ठोकून मग वर ५ चढवला. चूक मोठी, पण ती नाणी बरीच उरलीत. १८१७ ची अगदी मोजकीच. भाव दुर्मिळतेला आणि नाण्याच्या तब्येतीला. त्या काळची अर्धी डॉलरं चांगल्या तब्येतीत राहिली, तीही बँकांच्या तिजोरीत थैल्यांतून पडून होती म्हणून.

साहेबांना हे सांगितलं. म्हणाले, “तुमच्यासारख्या चुका इथं रोज दहा होतात.”

म्हणजे भाव शून्य. मेमो मात्र जपून ठेवलाय. बावीस वर्षांच्या नोकरीत तो एकच आहे.