वर्षाला १२० रुपये आणि साखरेचा जिल्हा

किमान पाच वर्षं विमाधारक राहून निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला १२० रुपये भरले की ई.एस.आय.च्या (कर्मचारी राज्य विमा योजनेच्या) दवाखान्यात स्वतःचे आणि जोडीदाराचे उपचार करून घेता येतात. म्हणजे महिन्याला दहा रुपये. अहिल्यानगर जिल्ह्यात ज्यानं उभं आयुष्य साखर कारखान्याच्या बॉयलरवर किंवा गव्हाणीवर काढलं, त्याच्यासाठी मात्र कायद्यानं हा दरवाजा उघडलेलाच नाही. का, ते शोधायला १९४३ पर्यंत मागे जावं लागतं.

तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखायचं काम प्रा. बी. पी. आडारकरांवर सोपवण्यात आलं. १९४४ च्या अहवालात त्यांनी सुरुवातीला कापड, इंजिनिअरिंग आणि खनिज-धातू हे तीनच उद्योग घेतले, तेही बारमाही कारखान्यांपुरते. वर्गणी पगारातून कापायची, तर हजेरीपट वर्षभर चालू असलेला बरा. पुढे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मॉरिस स्टॅक आणि रघुनाथ राव यांनी योजना सगळ्या कारखान्यांपर्यंत नेली, पण ‘बारमाही’ ही अट राहिली. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यात हंगामी कारखाने वगळले गेले. त्या यादीत कापसाचं जिनिंग, चहा, कॉफी यांच्याबरोबर साखर आणि गूळ नावानिशी आले.

१९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली, १९५४ मध्ये नागपूर आणि मुंबईत. गिरणी कामगाराच्या हाती विम्याचं कार्ड आलं. इकडे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं अहिल्यानगर जिल्ह्यातल्या प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ मध्ये पार पडला होता. त्यामागोमाग जिल्ह्यात कारखान्यांची रांग लागली. ज्या वर्षांत हा जिल्हा साखरेवर उभा राहिला, त्याच वर्षांत कामगाराच्या दवाखान्याची सोय साखरेला वळसा घालून पुढे गेली.

१९८९ च्या दुरुस्तीनं निवृत्तांना या योजनेत जागा मिळाली. पगाराची मर्यादा ओलांडल्यामुळे निवृत्तीआधीच योजनेबाहेर पडलेल्यांसाठी २०२४ मध्ये अटी सैल करण्याचा निर्णय झाला. आज मर्यादा २१,००० रुपये आहे, पगाराच्या ३.२५ टक्के मालक भरतो, ०.७५ टक्के कामगार. निवृत्ताचे दहा रुपये नोकरीत भरलेल्या या वर्गणीच्या जोरावर पुरतात. म्हणूनच हे उपचार त्याचा हक्क आहेत. साखर कामगाराला दुसरा आधारच नाही असं नाही. जिल्ह्यात लोणीला १९७६ पासून प्रवरा ग्रामीण रुग्णालय आहे आणि परिसराला त्याचा मोठा आधार आहे. सत्तरी गाठलेल्यांना २०२४ पासून आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ते सरकारच्या पैशातून, आणि रुग्णालयात दाखल झाल्यावर. साठ ते सत्तर ही दहा वर्षं, रोजच्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या यांचा भार उरतोच.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. दहा किंवा त्याहून अधिक कामगारांच्या आस्थापना तिच्यात आल्या, हंगामी कारखाना पुन्हा बाहेरच राहिला. पाऊणशे वर्षांपूर्वी त्याला निदान हिशेबाच्या सोयीचं कारण होतं. आता तेही उरलेलं नाही. पाथर्डी-शेवगावच्या ऊसतोड मजुरांसाठी जे गोपीनाथ मुंडे महामंडळ आहे, त्याच्या निधीसाठी कारखान्यानं गाळलेल्या उसावर टनामागे दहा रुपये द्यायचे आणि तेवढेच राज्य सरकारनं, असं ठरलं आहे. वर्गणी महिन्यावर मोजता येत नसेल तर टनावर मोजता येते, हे महाराष्ट्रानंच मान्य केलं आहे. तोच हिशेब कारखान्यातल्या कायम आणि हंगामी कामगाराच्या आरोग्यविम्यालाही लावावा आणि कायद्याच्या यादीतून साखरेचं नाव खोडावं. ही मागणी या जिल्ह्यातून उठली पाहिजे.