कुलाबाकोड ते रायगडकोड

कर्जत-मुरबाड रस्त्यावरचं कशेळे जागचं तसूभरही हललं नाही, पण 1981 साली त्याचा जिल्हा कुलाब्याचा रायगड झाला. आता समजा, जुन्या टेबलात रकाना आहे 'कुलाबाकोड' आणि तुमच्या वेब एपीआयच्या नव्या क्लासमध्ये 'रायगडकोड'. डॉटनेटमधला ऑटोमॅपर (जिमी बोगार्डचं अपत्य) नावं बघून जोड्या लावतो. नाव जुळलं नाही तर बोंब मारत नाही, रकाना गुपचूप रिकामा सोडतो. कशेळ्याच्या माणसाचा दाखला निघतो, जिल्ह्याविना!

टेस्टमध्ये 'असर्टकॉन्फिगरेशनइजव्हॅलिड' टाकलं की असे अनाथ रकाने नावानिशी समोर येतात. मग 'फॉरमेंबर' लिहून सांगायचं, बाबा रे, हे कुलाबाकोडमधून घे.

पण मंडळी, खरी डोकेदुखी वेगळीच होती. पूर्वी कॉन्फिगरेशन स्टॅटिक, म्हणजे अख्ख्या प्रोसेसला एकच. पहिल्या टेस्टने सर्व्हर उभा केला की दुसरीला एरर: मॅपर आधीच इनिशियलाइझ झालाय. एकेकटी पास होणारी टेस्ट घोळक्यात नापास! शेवटी 2019 मध्ये आवृत्ती 9.0 ने ते स्टॅटिक प्रकरणच उडवलं. उशीरच केला म्हणा. आता डिपेंडन्सी इंजेक्शनने दर टेस्ट सर्व्हरला स्वतःचा मॅपर देता येतो.