पेठांखालची तळी

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी आपल्या गावाच्या इतिहासावर काहीतरी लिहा, असे अध्यक्षीणबाईंनी सांगितले तेव्हा मला संकोच वाटला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. महाराणी ताराबाईंचा पराक्रम आणि राजर्षी शाहू महाराजांचे कार्य यांवर विद्वानांनी मोठमोठे ग्रंथ लिहिले आहेत. त्यात मी काय भर घालणार? पण ज्या वस्तूशी आपणा बायकांचा पहाटेपासून रात्रीपर्यंत संबंध येतो, त्या पाण्याचा इतिहास आपल्याला फारसा कोणी सांगत नाही. म्हणून तोच विषय घेतला आहे. भगिनींनी गोड मानून घ्यावा.

आपण कपिलतीर्थावर भाजी आणायला जातो. मेथीची जुडी केवढ्याला, एवढेच तिथे आपल्या मनात असते. तीर्थ म्हणजे पाणी, मग या तीर्थात पाणी कुठे आहे, असे कोणी विचारत नाही. पाणी होते. मंडईच्या जागी पूर्वी कपिलतीर्थ नावाचे तळे होते. गांधी मैदानाच्या जागी वरुणतीर्थ होते. मुले जिथे फुटबॉलचे सामने पाहायला धावतात, त्या शाहू स्टेडियमच्या जागी रावणेश्वराचे तळे होते. तळे गेले, देऊळ मात्र शेजारी राहिले. पद्माळे, पेटाळा, सिद्धाळा ही नावेही तळ्यांचीच. आज पेटाळा म्हटले की मैदान आणि सिद्धाळा म्हटले की बाग डोळ्यांपुढे येते. एके काळी कोल्हापूर हे तळ्यांचे गाव होते. त्यांतली रंकाळा आणि कोटितीर्थ यांसारखी थोडीच आज आपल्याला पाण्याने भरलेली दिसतात.

गावाचा आरंभच पाण्याकाठी झाला. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. तिथे १९४५-४६ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. सांकलिया आणि डॉ. दीक्षित यांनी उत्खनन केले. त्यात सातवाहनांच्या काळातील, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची वस्ती आढळली. याच ब्रह्मपुरीवर ग्रीक लोकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची, छोटी ब्राँझची मूर्ती मिळाली. सातासमुद्रांपलीकडचा तो देव पंचगंगेच्या काठी येऊन राहिला होता! टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयाची ही मूर्ती म्हणजे मोठे भूषण आहे. मुलांना घेऊन एकदा अवश्य जावे.

पुढे वस्ती वाढत गेली आणि अंबाबाईच्या देवळाभोवती दाट झाली. करवीरमाहात्म्यात इथल्या अनेक तीर्थांचे वर्णन आहे. जुन्या गावाला कोट होता आणि त्याला सहा वेशी होत्या. आदितवार, मंगळवार आणि शनिवार या तीन वेशी वारांच्या नावाच्या. गंगावेस, रंकाळावेस आणि वरुणतीर्थवेस या उरलेल्या तीन पाण्याच्या नावाच्या. कोट पडला, वेशी गेल्या. तरी रिक्षावाल्याला आपण आजही ‘गंगावेस’ असेच सांगतो. निम्म्या वेशींना पाण्याची नावे देणाऱ्या लोकांना पाण्याची किंमत किती असेल, याचा विचार करावा.

वस्ती दाट झाली तसे गावातले पाणी पुरेना. तेव्हा दक्षिणेकडच्या कात्यायनीच्या झऱ्यांचे पाणी जमिनीखालच्या नळाने गावात आणले गेले. त्यानंतर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कळंब्याचा तलाव बांधला गेला. कळंबा उंचावर आणि गाव उतारावर, त्यामुळे इंजिनाशिवाय, केवळ उताराने पाणी गावात येई आणि मंगळवार पेठेतील टाकीत साठे. त्या जागेचे नाव ‘पाण्याचा खजिना’. सोन्यानाण्याच्या साठ्याला खजिना म्हणतात, हे सर्वांना ठाऊक आहे. आपल्या पूर्वजांनी पाण्याच्या साठ्याला तोच शब्द वापरला.

त्यापुढची गोष्ट राधानगरीची. भोगावती नदीवरच्या या धरणाचे काम शाहू महाराजांच्या कारकिर्दीत सुरू झाले, मध्ये पैशाअभावी अडले आणि स्वातंत्र्यानंतर पुरे झाले. पंचगंगेला उन्हाळ्यातही पाणी राहू लागले आणि बालिंगा व शिंगणापूर येथून ते पंपाने उपसून शहराला मिळू लागले. आता २०२३ च्या दिवाळीपासून काळम्मावाडीच्या धरणाचे पाणी पन्नासहून अधिक किलोमीटरच्या थेट पाईपलाईनने शहरात आले आहे.

हा सगळा क्रम मांडला की एक गोष्ट ध्यानात येते. आधी पाणी पेठेतल्या तळ्यात होते, मग कळंब्याला गेले, मग राधानगरीला आणि आता काळम्मावाडीला. पाण्याचे मूळ घरापासून दूर दूर गेले. त्याबरोबर बाईचे श्रम कमी झाले, हेही तितकेच खरे. माझ्या सासूबाई सांगतात, लग्न होऊन आल्या तेव्हा धुण्याची बादली घेऊन रंकाळ्यावर जावे लागे आणि पिण्याच्या पाण्यासाठी गल्लीच्या चावीवर घागरींची रांग लागे. ते दिवस परत यावेत असे कोणतीही बाई म्हणणार नाही. मीही म्हणत नाही.

तळी बुजवणाऱ्यांनाही मी दोष देत नाही. लांबून चांगले पाणी आले तेव्हा जवळच्या तळ्याची कोणाला गरज राहिली नाही. गरज संपली की राखण संपते. त्यात सांडपाणी गेले, कचरा पडला, डास झाले, दुर्गंधी सुटली. मग लोकांनाच वाटले की ही घाण बुजवावी आणि त्या जागी मंडई करावी, मैदान करावे. मंडई आणि मैदान यांची आपल्याला गरज होतीच. पण तळे काही एका दिवसात मेले नाही. आधी त्याची आठवण बुजली, माती नंतर पडली.

मात्र पाणी आपली जागा विसरत नाही. मोठा पाऊस झाला की गांधी मैदानात आजही तळे साचते. लोक त्रासतात, वर्तमानपत्रांत फोटो येतात. वरुणतीर्थ पावसाळ्यात आपल्या घरी येऊन जाते, असे मी मुलांना सांगते. अंबाबाईच्या आवारातील मनकर्णिका कुंडाचेही तसेच. ते बुजवून वर सपाट जमीन केलेली होती. अलीकडच्या वर्षांत ते पुन्हा उकरण्यात आले, तेव्हा जुन्या दगडी पायऱ्या बाहेर आल्या आणि खालून पाणीही लागले. इतकी वर्षे आपण त्या पाण्यावरून चालत होतो.

आता २०१९ चा ऑगस्ट आठवावा. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ४३ फुटांवर गेली की धोका समजतात. त्या वर्षी ती ५५ फुटांच्या वर गेली आणि २०२१ च्या जुलैत त्याहूनही थोडी अधिक. २०१९ मध्ये नदीकाठची उपसाकेंद्रे पाण्यात बुडाली आणि शहराचे नळ कितीतरी दिवस कोरडे पडले. चहूकडे पाणी आणि घरात थेंब नाही, अशी अवस्था! टँकर आला की वयस्कर बायकाही कळशी घेऊन धावत होत्या. तेव्हा आपल्या गल्लीच्या टोकाच्या विहिरीवरचे पत्रे आपणच बाजूला केले, हे या मंडळातील भगिनींना आठवत असेल. टँकरचे पाणी पिण्यास ठेवले. भांडी, धुणे आणि न्हाणीघर यांची सोय त्या विहिरीने केली. पंचवीस-तीस घरे तिच्यावर निभावली. पूर ओसरला, नळ आले आणि पत्रे पुन्हा पडले.

गेल्या वर्षी ती विहीर बुजवून तिथे गाड्या लावण्यास जागा करावी, अशी सूचना पुढे आली आहे. शेजारच्या काकू म्हणाल्या, “अगं, आता थेट धरणाचं पाणी आलंय, विहीर ठेवून काय पूजा करायची आहे? लहान पोरं आहेत, डास आहेत.” त्यांचे म्हणणे रास्त आहे. पोरांची भीती मलाही वाटते, आणि गाड्यांना जागा नाही हे तर रोजच दिसते. परंतु हेच शब्द कपिलतीर्थाच्या काठीही कोणी तरी बोलले असेल, आणि त्या वेळी तेही रास्तच वाटले असेल.

आषाढात आपण त्र्यंबोलीला नव्या पाण्याचे कलश नेतो. पुढे पी-ढबाक वाजत असते, कुमारिका डोक्यावर पंचगंगेचे पाणी घेऊन चालतात आणि टेंबलाईच्या पायऱ्यांवर ते वाहिले जाते. वर्षातून दोन वार आपण पाण्याला असा मान देतो, मग बाकीचे दिवस त्याला कचरा का द्यावा?

मंडळापुढे माझी विनंती अगदी साधी आहे. विहिरीवर पत्र्याऐवजी कुलपाची लोखंडी जाळी बसवावी, म्हणजे पोरांची भीती नाही. डास होऊ नयेत म्हणून तिच्यात गप्पी मासे सोडावेत. मृगाच्या आधी एकदा गाळ काढावा आणि पाणी उपसून झाडांना द्यावे; विहीर उपसती राहिली तरच झरे मोकळे राहतात. खर्च घरटी वाटून घेतल्यास कोणालाही जड जाणार नाही. हळदीकुंकवाच्या वाणाचे एका वर्षाचे पैसे मी माझ्यापुरते या कामाला देत आहे. गाड्यांचा प्रश्न राहतो, तोही बसून सोडवू. विहीर एकदा बुजली की पुढच्या पुरात ती कोण उकरून देणार?