फिजिओथेरपी : पुन्हा जिना चढण्यासाठी, पुन्हा घराबाहेर पडण्यासाठी

भांडुप पश्चिमेला टेकडीवरच्या वस्तीत राहणाऱ्यांना बाजार, दवाखाना किंवा स्टेशन गाठायचे तर चढ-उतार टळत नाही. गुडघ्याची झीज झालेली व्यक्ती आधी पायऱ्या टाळते, मग बाजार, मग देऊळ आणि लग्नकार्य. न वापरल्याने मांडीचे स्नायू अशक्त होतात आणि गुडघा आणखी दुखतो. हे चक्र तोडणे हे फिजिओथेरपीचे काम आहे.

नेमके उद्दिष्ट काय?

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये स्वीकारलेल्या वर्गीकरणात तीन गोष्टी पाहिल्या जातात : शरीराचे कार्य (ताकद, सांध्याची हालचाल), कृती (उठणे, चालणे) आणि सहभाग (नोकरी, घरकाम, नातीगोती). म्हणून फिजिओथेरपिस्टला फक्त ‘गुडघा दुखतो’ असे सांगू नका. ‘दोन मजले न थांबता चढता येत नाहीत’ असे सांगा. त्यावरूनच उपचार ठरतो.

शेक किंवा करंटने तात्पुरता आराम पडू शकतो, पण ताकद व्यायामानेच येते.

घरी काय करावे?

- पाय सरळ ठेवून बसा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती ५ सेकंद दाबा. असे १० वेळा करा.
- भिंतीला टेकलेल्या खुर्चीतून सावकाश उठा आणि बसा.
- जिना चढताना चांगला पाय आधी टाका, उतरताना दुखरा.
- काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा.

व्यायामानंतर थोडे दुखले तर घाबरू नका. वाढलेले दुखणे दुसऱ्या दिवशीही राहिले, तर व्यायाम कमी करा, बंद करू नका. फरक जाणवायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात. दोन दिवसांत सोडून देणे ही नेहमीची चूक.

कुठे जावे?

परळचे केईएम, सायन रुग्णालय आणि हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था येथे ही सेवा मिळते.

आधी डॉक्टरांना कधी दाखवावे?

गुडघा लाल, गरम झाला व ताप आला, पोटरी अचानक सुजली किंवा पडल्यावर पाय टेकवेना, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी दाखवा. शरीराची एक बाजू अचानक लुळी पडली तर लगेच १०८ ला फोन करा.