पाळत कॅमेरे : चित्रण किती दाबावे?

पुण्यातील २०१० व २०१२ च्या बॉम्बस्फोटांनंतर पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये सीसीटीव्ही कॅमेरे बसविण्याच्या कामाला वेग आला. चिंचवड-भोसरी पट्ट्यातील कारखान्यांच्या प्रवेशद्वारांवरही ते दिसतात. मात्र, चित्रण पुरावा म्हणून उपयोगी पडेल की नाही, हे ते कसे साठविले यावर ठरते.

१९२० गुणिले १०८० बिंदूंचे, सेकंदाला २५ चौकटींचे रंगीत चित्रण मूळ स्वरूपात सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट व्यापते. म्हणून संपीडन, अर्थात कॉम्प्रेशन अपरिहार्य ठरते.

मोशन जेपेग : प्रत्येक चौकट स्वतंत्र साठविली जाते. चित्र स्पष्ट राहते. पण जागा फार लागते.

एच.२६४ (२००३) : ठरावीक अंतराने एक पूर्ण चौकट आणि मधल्या काळातील केवळ बदल नोंदविले जातात. सेकंदाला ४ मेगाबिट या दराने एका कॅमेऱ्याला दिवसाला सुमारे ४३ गिगाबाइट, तर ३० दिवसांना १.३ टेराबाइट जागा लागते.

एच.२६५ (२०१३) : तेवढ्याच दर्जासाठी जागा जवळपास निम्म्यावर येते.

बहुतेक कॅमेरे दोन प्रवाह देतात : मुख्य प्रवाह साठवणुकीसाठी, दुय्यम प्रवाह थेट पाहण्यासाठी. दुय्यम प्रवाहच साठविल्यास डिस्क वाचते, पण वाहनाचा क्रमांक वाचता येत नाही. प्रक्षेपणात यूडीपी जलद असले, तरी हरवलेली माहिती पुन्हा पाठवीत नाही. टीसीपी ती पाठविते.

रात्री व पावसात चित्रातील बारीक ठिपके वाढतात. बिटदर कमी बांधलेला असल्यास चित्र नेमके तेव्हाच फिसकटते. त्यामुळे दर निश्चित करण्यापूर्वी रात्रीच्या वेळी, धावत्या वाहनावर चाचणी घेणे हितावह ठरते.