घोडनदीकाठची वकिली
घोड नदीच्या तीरावरील ज्या शिरूरच्या छावणीतून ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री इंग्रजांच्या कॅप्टन स्टाँटनची तुकडी पुण्याकडे निघाली, त्याच गावी पुढे तालुक्याची कचेरी व न्यायालय नांदले, आणि सातबारा, फेरफार, बांध व वहिवाट यांच्या तंट्यांतून रयतेचे दुःख वकिलाच्या दप्तरी दाखल होऊ लागले.

येथील ॲड. अशोक रावसाहेब पवार २००९ साली विधानसभेत गेले. २०१४ मध्ये पराभूत होऊन २०१९ मध्ये पुन्हा निवडून आले, आणि २०२४ मध्ये मतदारांचा कौल फिरला. शिरूरहून दौंड तालुक्यातील चौफुल्याकडे जाणाऱ्या मार्गावरील न्हावऱ्याच्या घोडगंगा सहकारी साखर कारखान्याचेही त्यांनी अध्यक्षपद भूषविले.

वकील आणि लोकप्रतिनिधी या दोघांचाही अधिकार दुसऱ्याने दिलेल्या वकालतनाम्यावर उभा असतो; तो परत घेण्याचा रयतेचा हक्क हीच लोकशाहीची खरी दौलत होय.