माझे माहेर माथेरान

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी आपापल्या गावाचा इतिहास लिहा, असे अध्यक्षाबाईंनी सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहास लिहिणे हे विद्वानांचे काम. पण माझे माहेर माथेरान, आणि तेथील एक गोष्ट कित्येक दिवस मनात राहून गेली आहे, म्हणून हे धाडस करीत आहे. भगिनींनी चूकभूल पदरात घ्यावी.

माथ्यावरचे रान ते माथेरान, असे आमच्याकडची जुनी माणसे सांगत. डोंगरावर ठाकूर, कातकरी, धनगर यांचा वावर पूर्वीपासून होताच. पण पुस्तकातला इतिहास सुरू होतो तो 1850 पासून. त्या साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे डोंगर चढून वर आले आणि त्यांना येथील हवा मानवली. पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनीही लक्ष घातले, बंगले उठले, आणि मुंबईची बडी मंडळी हवापालटासाठी येऊ लागली. समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवरची ही जागा. गाडीचा धूर नाही, भोंगा नाही. आजही मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात, रुग्णवाहिकेसारखी अडीअडचणीची गाडी तेवढी आत येते.

नेरळहून वर येणारी छोटी आगगाडी आपण सर्वांनी पाहिली आहे. बोहरी व्यापारी आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने सोळा लाख रुपये खर्चून ती बांधली, आणि 1907 साली ती सुरू झाली. दोन फुटांचा रूळ, वीस-एकवीस किलोमीटरची वाट, आणि वळणे तर विचारूच नका! वाटेत एकच लहानसा बोगदा आहे. त्याचे इंग्रजी नाव मी येथे लिहीत नाही, कारण सासूबाई हे सर्व वाचणार आहेत. 2005 च्या जुलैमधील महापुरात हा मार्ग वाहून गेला, तो 2007 साली पुन्हा सुरू झाला. 2019 च्या पावसात पुन्हा मोडला आणि 2022 च्या ऑक्टोबरात दुरुस्त झाला. आमच्या आईचे म्हणणे असे की, पाहुण्यासारखी गाडी, आली तर आली.

गावाचे खरे भूषण मात्र हुतात्मा भाई कोतवाल. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म 1912 साली माथेरानातच, एका नाभिक कुटुंबात झाला. शिकून वकील झाले, पण पैशाच्या मागे लागले नाहीत. सावकाराच्या पाशातून शेतकरी सुटावा म्हणून त्यांनी धान्याच्या पेढ्या काढल्या. 1942 च्या लढ्यात 'आझाद दस्ता' उभारून मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळ्यांनी ते आणि हिराजी पाटील धारातीर्थी पडले. बंगल्यांतून हवा खाणाऱ्यांच्या गावात असा पुरुष जन्मला, याचे मला लहानपणी फार नवल वाटे. आता वाटत नाही. साहेबांचा गाव निराळा आणि त्यांचे सामान वाहणारांचा गाव निराळा, हे त्यांनी लहानपणीच पाहिले असणार.

आता माझ्या मनातली गोष्ट. 2023 च्या जानेवारीत आपली सहल माथेरानला गेली होती. दस्तुरी नाक्यावर हातरिक्षा उभ्या होत्या. एक माणूस पुढून ओढणारा, दोघे मागून ढकलणारे. आपल्यातील एक भगिनी म्हणाल्या, "माणसाने माणसाला ओढायचे! शी, मी नाही बसणार." दुसऱ्या म्हणाल्या, "अहो, पण त्यांच्या पोटाचे काय?" बराच वाद झाला. मी तांबड्या धुळीने भरलेल्या चपला झटकीत गप्प उभी राहिले. कारण माझे वडील बत्तीस वर्षे तीच रिक्षा ओढीत होते, आणि हे मी मंडळात कधीच कोणास सांगितले नव्हते.

लोक वर येत छाती मोकळी करायला, आणि आप्पा रात्री छातीला शेक घेत. गुडघ्यांना आई तेल चोळी. हंगामात चार पैसे मिळत, पण पावसाळ्यात गाडी बंद आणि गिऱ्हाईकही नाही. मग वाण्याकडे उधारी. मात्र त्याच रिक्षाने 1986 च्या श्रावणात आईचे प्राण वाचविले. तिची प्रसूती अडली, तेव्हा आप्पा आणि त्यांचे दोन सोबती भर पावसात, चिखलातून तिला दस्तुरीपर्यंत घेऊन गेले. तेथून टॅक्सीने खाली. माझा धाकटा भाऊ त्याच रात्री झाला. मी सात वर्षांची, शेजारच्या काकूंच्या मांडीवर बसून रिक्षाची घंटा दूर जाताना ऐकत होते.

2022 च्या डिसेंबरात विजेवरच्या रिक्षा प्रायोगिक म्हणून आल्या. शाळेच्या पोरांची पायपीट वाचली, हे मी डोळ्यांनी पाहिले. पुढे ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांच्या आत बंद कराव्यात आणि ओढणारांना ई-रिक्षा भाड्याने द्याव्यात, असा निकाल दिला.

तो निकाल मी फोनवरून आप्पांना वाचून दाखविला. मला वाटले, त्यांना वाईट वाटेल किंवा आनंद तरी होईल. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग विचारले, "भाड्याने म्हणजे रोजचे किती भरायचे गं पोरी?" मी म्हटले, ते बातमीत दिलेले नाही. "मग ते आधी विचार," म्हणाले, आणि त्यांनी फोन आईकडे दिला.